सेंट लॉरेन्सच्या धुक्यातले चार इशारे : ‘एम्प्रेस ऑफ आयर्लंड’ आणि ‘स्टोरस्टॅड’ टक्कर प्रकरण

२९ मे १९१४ च्या पहाटे १ वाजून ५५ मिनिटांच्या सुमारास कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीच्या रुंद मुखप्रदेशात, रिमूस्की गावाजवळ, ‘एम्प्रेस ऑफ आयर्लंड’ या प्रवासी जहाजाच्या उजव्या कुशीत ‘स्टोरस्टॅड’ हे कोळशाने भरलेले नॉर्वेजियन जहाज घुसले. प्रवासी जहाज अवघ्या १४ मिनिटांत बुडाले आणि त्यावरील १,४७७ माणसांपैकी १,०१२ दगावली. दोन वर्षांपूर्वीच टायटॅनिक बुडाले होते आणि दोन महिन्यांनी महायुद्ध सुरू झाले. या दोहोंच्या मध्ये सापडल्यामुळे ही दुर्घटना लोकांच्या स्मरणातून लवकर गेली.

ध्वनिसंकेतांचा अभ्यास करणाऱ्याने मात्र ती विसरून चालत नाही. भोंगा नसल्यामुळे, नादुरुस्त असल्यामुळे किंवा कोणी तो न वाजवल्यामुळे झालेले अपघात पुष्कळ आहेत आणि त्यांची कारणमीमांसा दोन ओळींत संपते. येथे दोन्ही जहाजांवर वाफेचे भोंगे होते, ते चालू स्थितीत होते, ते वाजवले गेले आणि दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना परस्परांचे भोंगे ऐकूही गेले. तरीही टक्कर झाली. त्यामुळे साधन असणे, साधन वाजणे आणि त्याच्या आवाजाचा योग्य अर्थ लागणे या तीन गोष्टी येथे जितक्या स्वच्छपणे वेगळ्या दिसतात, तितक्या अन्य प्रकरणांत क्वचितच दिसतात.

‘एम्प्रेस’ हे कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे जहाज स्कॉटलंडमधील गोव्हन येथे बांधलेले होते आणि १९०६ मध्ये सेवेत आले होते. त्याची एकूण टनसंख्या १४,१९१ आणि लांबी सुमारे १७० मीटर होती. २८ मे रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास ते क्वेबेकहून लिव्हरपूलकडे निघाले. कॅप्टन हेन्री केंडल यांच्याकडे या जहाजाची सूत्रे त्याच महिन्यात आली होती आणि त्याचे कप्तान म्हणून नदीतून खाली जाण्याची त्यांची ही पहिलीच खेप होती. (पत्नीच्या खुनाचा संशय असलेल्या डॉ. क्रिपेन याला १९१० मध्ये ‘मॉन्ट्रोज’ जहाजावर ओळखून बिनतारी संदेशाने पोलिसांना कळवणारे कप्तान ते हेच.) रात्री दीडच्या आसपास पॉइंट-ओ-पेर येथे नदीचा वाटाड्या, म्हणजे पायलट, उतरवून ‘एम्प्रेस’ने समुद्राची वाट धरली. त्याच ठिकाणी पायलट घेण्यासाठी समोरून ‘स्टोरस्टॅड’ येत होते. नोव्हा स्कोशियातील सिडनी बंदरातून मॉन्ट्रियलकडे निघालेल्या या जहाजात दहा हजार टनांहून अधिक कोळसा होता. कॅप्टन थॉमस अँडरसन झोपायला गेले होते आणि ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकण्याच्या उंच मंचावर, चीफ मेट (कप्तानाखालचे पहिले अधिकारी) आल्फ्रेड टोफ्टनेस यांची पाळी होती.

हवा स्वच्छ असताना दोन्ही जहाजांनी परस्परांचे दिवे कित्येक मैलांवरून पाहिले होते, ही बाब लक्षात ठेवली पाहिजे. धुक्यातून अचानक कोणी अनोळखी जहाज समोर आले, असे येथे घडलेले नाही. केंडल यांचा समज असा होता, की समोरचे जहाज आपल्या उजव्या बाजूने, हिरव्या दिव्यासमोर हिरवा दिवा राखून, निघून जाईल. (जहाजाच्या उजव्या कुशीला हिरवा आणि डाव्या कुशीला तांबडा दिवा असतो.) ‘स्टोरस्टॅड’च्या ब्रिजवर याच्या नेमका उलट समज होता. धुके मध्ये येण्यापूर्वी आपल्याला प्रवासी जहाजाचा तांबडा दिवा दिसला, म्हणजे दोन्ही जहाजे डावीला डावी ठेवून ओलांडणार, असे तेथील अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. तेवढ्यात किनाऱ्याकडून धुक्याचा पट्टा सरकत आला आणि दोन्हीकडचे दिवे झाकले गेले. यापुढे दोन जहाजांमध्ये एकच दुवा उरला, तो भोंग्याचा.

त्या काळी लागू असलेले टकरी टाळण्याचे नियम वॉशिंग्टन येथील १८८९ च्या परिषदेतून आले होते आणि ब्रिटनने ते १८९७ पासून अमलात आणले होते. वाफेवर चालणाऱ्या जहाजावर वाफेने वाजणारा कार्यक्षम भोंगा असावा आणि त्याचा आवाज कशानेही अडणार नाही अशा जागी तो बसवलेला असावा. शिवाय यंत्राने वाजणारे कार्यक्षम धुकेशिंग आणि कार्यक्षम घंटा असावी, एवढीच साधनांविषयीची अपेक्षा होती. ‘कार्यक्षम’ म्हणजे किती, याचे कोणतेही मोजमाप नियमात दिलेले नव्हते. आवाज किती अंतरावर पोहोचावा, किती जाडा किंवा बारीक असावा, घंटेचा घेर किती असावा, हे सारे मालकाच्या आणि तपासनिसाच्या अदमासावर सोडलेले होते. संकेत मात्र ठरलेले होते. पाणी कापत चालणाऱ्या जहाजाने दोन मिनिटांपेक्षा जास्त खंड न पडू देता एक लांब भोंगा द्यावा. यंत्र थांबवून जागीच उभ्या असलेल्या जहाजाने दोन लांब भोंगे द्यावेत. लांब भोंगा म्हणजे चार ते सहा सेकंदांचा. एक, दोन आणि तीन आखूड भोंगे अनुक्रमे उजवीकडे वळत आहे, डावीकडे वळत आहे आणि यंत्र पूर्ण वेगाने उलटे फिरवत आहे, असे सांगण्यासाठी राखून ठेवलेले होते. पण ते जहाजे परस्परांच्या दृष्टीस असतील तेव्हाच.

आता त्या काही मिनिटांत काय वाजले ते पाहू. केंडल यांच्या साक्षीप्रमाणे धुके येताच त्यांनी यंत्र पूर्ण उलटे फिरवण्याचा हुकूम दिला आणि तीन आखूड भोंगे दिले. समोरून एक लांब भोंगा आला. कठड्यावरून वाकून पाण्याकडे पाहून जहाजाची गती मोडल्याची खात्री करून घेतल्यावर त्यांनी यंत्र थांबवले आणि दोन लांब भोंगे दिले. समोरून पुन्हा एक लांब भोंगा आला. तो आपल्या उजव्या बाजूस, नाळेपासून (जहाजाच्या पुढच्या टोकापासून) सुमारे चार पॉइंट, म्हणजे ४५ अंशांवर ऐकू आला, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर साधारण दोन मिनिटांनी, एका जहाजाच्या लांबीइतक्या अंतरावर, ‘स्टोरस्टॅड’चा तांबडा आणि हिरवा असे दोन्ही दिवे एकदम दिसले. दोन्ही दिवे एकाच वेळी दिसणे म्हणजे ते जहाज थेट आपल्या अंगावर येत असणे.

टक्कर होताच केंडल यांनी हाताशी असलेले शेवटचे ध्वनिसाधन वापरले. कर्णा तोंडाला लावून त्यांनी ‘स्टोरस्टॅड’वरील लोकांना ओरडून सांगितले, की यंत्र पुढेच चालू ठेवा, म्हणजे तुमची नाळ भोकात अडकून राहील आणि पाणी आत येणार नाही. परंतु ‘एम्प्रेस’ला थोडी गती होती म्हणून म्हणा किंवा अन्य कशाने म्हणा, ‘स्टोरस्टॅड’ची नाळ वळून बाहेर पडली आणि पाण्याला वाट मोकळी झाली. खालच्या मजल्यांवरील अनेक खोल्यांच्या खिडक्या उघड्या होत्या आणि जहाज उजवीकडे कलताच त्याही पाण्याखाली गेल्या. बहुतेक प्रवासी झोपेत होते. जहाजावरच्या १३८ मुलांपैकी ४ वाचली.

चारही भोंग्यांचा मजकूर साध्या भाषेत लिहिला तर तो असा होतो: ‘मी यंत्र उलटे फिरवत आहे.’ ‘मी चालत आहे.’ ‘मी थांबलो आहे.’ ‘मी चालत आहे.’ या संभाषणात जहाजाचा रोख कोणता आहे आणि ते कोणत्या बाजूने जाऊ पाहत आहे, हे कोणीही सांगितलेले नाही. सांगण्याची सोयच नव्हती. धुक्यातील संकेत जहाजाची स्थिती सांगतो, दिशा सांगत नाही. ही रचना मुद्दाम केलेली आहे. न दिसणाऱ्या जहाजाला ‘मी उजवीकडे वळतो’ असे सांगितले, तर ऐकणाऱ्याला ‘कोणाच्या उजवीकडे?’ हा प्रश्न पडतो आणि मनात आधीच धरलेल्या चित्राला अनुसरून तो त्याचे उत्तर देतो. याच दृष्टीने पाहिले तर केंडल यांचे पहिले तीन आखूड भोंगे नियमाच्या अक्षरात बसत नाहीत, कारण त्या क्षणी जहाजे परस्परांना दिसत नव्हती. त्यांनी अधिक माहिती देण्याच्या सद्हेतूने ते वाजवले असावेत, असे मला वाटते. पण समोरच्याच्या मनातले चित्र त्यांच्या चित्राच्या उलटे होते, त्यामुळे त्या माहितीचा उपयोग झाला नाही.

दोन मिनिटांचा खंड ऐकायला लहान वाटतो. परंतु १२ नॉट वेगाने चालणारे जहाज सेकंदाला सुमारे ६.२ मीटर, म्हणजे दोन मिनिटांत सुमारे ७४० मीटर अंतर कापते. ‘एम्प्रेस’च्या लांबीच्या चौपटीहून हे अंतर अधिक आहे. एका भोंग्यावरून मनात काढलेली आकृती दुसरा भोंगा येईपर्यंत शिळी झालेली असते, आणि धुक्यातील अधिकारी बहुधा तीच शिळी आकृती पुढे चालवत असतो.

आवाजाच्या दिशेबाबतचा अनुभव तर आणखी फसवा आहे. आयरिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८७३ मध्ये इंग्लंडच्या साउथ फोरलँड येथे धुकेसंकेतांवर दीर्घ प्रयोग केले होते. धुके स्वतः आवाज फारसा अडवत नाही, पण तापमान आणि आर्द्रता असमान असलेली हवा आवाज वळवते आणि परतवते, असा त्यांचा निष्कर्ष होता. अगदी निरभ्र दिवशीही जवळचा भोंगा ऐकू येऊ नये आणि दाट धुक्यात दूरचा खणखणीत यावा, असे घडते. अशा हवेत ४५ अंश उजवीकडून आलेला आवाज हा ‘जहाज तेथे आहे’ याचा पुरावा नव्हे. ‘जवळपास जहाज आहे’ एवढाच तो पुरावा आहे. म्हणूनच पुढच्या बाजूने धुकेसंकेत ऐकू आला आणि त्या जहाजाचे स्थान निश्चित नसले, तर यंत्र थांबवून सावधपणे चालावे, असे १८९७ च्या नियमांतही सांगितले होते. केंडल थांबले. ‘स्टोरस्टॅड’नेही वेग कमी केला होता, मात्र जहाज सुकाणूला दाद देईनासे होईल या काळजीने यंत्र पुन्हा सावकाश पुढे सुरू झाले आणि सुकाणू फिरवले गेले.

येथे त्या काळच्या एका रिवाजाचा उल्लेख करायला हवा, नाहीतर साक्षी वाचताना हमखास घोटाळा होतो. ‘पोर्ट’ असा हुकूम दिला की सुकाणूचा दांडा डावीकडे जाई आणि जहाज उजवीकडे वळे. चाकाने चालणारी सुकाणू आल्यावरही दांड्याच्या जमान्यातली ही भाषा टिकून होती आणि ती १९३० च्या दशकात बदलली. टोफ्टनेस यांनी दिलेला ‘पोर्ट’चा हुकूम म्हणजे जहाज उजवीकडे नेण्याचा हुकूम होता. प्रवासी जहाज आपल्या डावीकडे आहे असे त्यांनी धरले होते, तेव्हा उजवीकडे सरकणे त्यांच्या हिशेबाने सुरक्षित होते. प्रत्यक्षात ‘एम्प्रेस’ उजवीकडेच उभे होते.

चौकशी आयोगाचे काम १६ जून १९१४ रोजी क्वेबेक येथे सुरू झाले. टायटॅनिकची चौकशी करणारे लॉर्ड मर्सी हेच अध्यक्ष होते. ‘एम्प्रेस’चे सुकाणू अडकत होते, अशी एक साक्ष पुढे आली होती, आयोगाने ती ग्राह्य धरली नाही. धुक्यात मार्ग बदलल्याबद्दल आणि धुके येताना दिसत असूनही कप्तानाला वेळेवर न उठवल्याबद्दल आयोगाने टोफ्टनेस यांना दोषी धरले. केंडल यांनी समोरच्या जहाजापासून अधिक अंतर राखले असते तर बरे झाले असते, असे म्हणूनही त्यांचे थांबणे अपघाताचे कारण मानले नाही. मॉन्ट्रियल येथे नॉर्वेच्या वाणिज्य दूतावासाने केलेल्या स्वतंत्र चौकशीत टोफ्टनेस निर्दोष ठरले. एकाच रात्रीचे हे दोन निकाल. भोंग्यांच्या आठवणीवर विसंबून झालेल्या चौकशीचे याहून वेगळे काही होणे कठीणच होते. वाजून गेलेला भोंगा कागदावर उमटत नाही. आयोगाने धुक्यात आणि रात्री जलरोधक दरवाजे व खिडक्या बंद ठेवाव्यात, तसेच पायलट चढवण्याच्या व उतरवण्याच्या जागा अशा असाव्यात की जहाजांना परस्परांचा मार्ग छेदावा लागू नये, अशा शिफारशी केल्या. माझ्या मते दुसरी शिफारस अधिक मोलाची होती, कारण भोंग्याची गरजच कमी व्हावी, असा तिचा रोख होता.

आज ही दोन जहाजे तपासणीस उभी राहिली, तर त्यांना १९७२ चे आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियम लागू होतील. त्यांतील ३३ वा नियम साधनांविषयी आहे. १२ मीटर व त्याहून लांब जहाजावर भोंगा, २० मीटर व त्याहून लांब जहाजावर भोंग्याशिवाय घंटा, आणि १०० मीटर व त्याहून लांब जहाजावर या दोहोंखेरीज थाळा, म्हणजे गाँग, सक्तीचा आहे. थाळ्याचा नाद घंटेच्या नादाशी गल्लत होणार नाही असा हवा. नांगरावर असलेल्या लांब जहाजाने धुक्यात दर मिनिटाला पुढच्या टोकाला पाच सेकंद घंटा आणि लगेच मागच्या टोकाला पाच सेकंद थाळा वाजवायचा असतो. ऐकणाऱ्याला जहाज कोठून कोठपर्यंत पसरले आहे याचा अंदाज यावा, हा त्यामागचा हेतू आहे.

‘कार्यक्षम’ या मोघम शब्दाच्या जागी या नियमांच्या तिसऱ्या परिशिष्टाने आकडे आणले. ७५ ते २०० मीटर लांबीच्या गटात ‘एम्प्रेस’ आणि ‘स्टोरस्टॅड’ दोन्ही बसली असती. या गटातील भोंग्याची मूळ कंप्रता १३० ते ३५० हर्ट्झच्या दरम्यान असावी लागते, एक मीटर अंतरावर आवाजाची पातळी किमान १३८ डेसिबल लागते आणि तो साधारण दीड सागरी मैलावर ऐकू जाणे अपेक्षित असते. २०० मीटर व त्याहून मोठ्या जहाजांसाठी हेच आकडे ७० ते २०० हर्ट्झ, १४३ डेसिबल आणि दोन सागरी मैल असे आहेत. जहाज जितके मोठे तितका भोंगा खर्जात, अशी ही वाटणी आहे आणि ती जाणीवपूर्वक केलेली आहे. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री मुंबई बंदरातील जहाजे एकदम भोंगे वाजवतात, तेव्हा गच्चीवर उभे राहून ऐकणाऱ्यालाही मोठ्या जहाजाचा छातीत घुमणारा खर्ज आणि टगचा, म्हणजे जहाजे ओढणाऱ्या लहान बोटीचा, चिरका सूर वेगवेगळे ओळखता येतात. धुक्यात अधिकाऱ्याला एवढी ओळखही उपयोगी पडते, कारण मच्छीमार नौका आणि तेलवाहू जहाज यांना टाळण्याची रीत एकच नसते.

घंटेबाबत परिशिष्ट अधिक बारकाईने बोलते. ती न गंजणाऱ्या धातूची आणि स्वच्छ नादाची असावी, २० मीटर व त्याहून लांब जहाजावर तिच्या तोंडाचा व्यास किमान ३०० मिलिमीटर असावा आणि लोळीचे, म्हणजे घंटेवर आपटणाऱ्या ठोक्याचे, वजन घंटेच्या वजनाच्या किमान ३ टक्के असावे. यंत्राने वाजवण्याची सोय केली तरी हाताने वाजवणे शक्य राहिलेच पाहिजे. वीज गेली म्हणून घंटा मुकी होता कामा नये. भोंगा जहाजावर शक्य तितक्या उंच बसवायचा असतो, पण जहाजाच्या स्वतःच्या टेहळणीच्या जागी त्याचा आवाज ११० डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नसतो. आपल्याच भोंग्याने कान बधिर झालेला टेहळणीवाला समोरचा भोंगा काय ऐकणार, हे त्यामागचे साधे कारण आहे.

हे सारे आकडे स्थिर हवेसाठी आहेत आणि प्रत्यक्षात आवाजाचा पल्ला हवामानाप्रमाणे फार बदलतो, असे परिशिष्टच सांगते. टिंडल यांनी साउथ फोरलँडला पाहिलेला लहरीपणा आकड्यांनी गेलेला नाही. त्यामुळे आजही दोन लांब भोंग्यांचा अर्थ ‘थांबलो आहे’ एवढाच आहे, वळण्याचे आखूड भोंगे दृष्टीस असलेल्या जहाजांपुरतेच आहेत आणि समोरून धुकेसंकेत ऐकू आल्यास, टकरीचा धोका नाही अशी खात्री झाली नसेल तर, सुकाणू धरण्यापुरता वेग ठेवायचा आणि गरज पडल्यास गती पूर्ण मोडायची, हे १९ व्या नियमात कायम आहे.

एक अडचण मात्र नवी आहे. केंडल उघड्या ब्रिजवर उभे होते. कठड्यावरून वाकून पाहू शकत होते आणि दोन्ही कानांनी ऐकू शकत होते. आताचा ब्रिज काचेत बंद आणि वातानुकूलित असतो. बाहेरचा भोंगा आत येतच नाही, किंवा आला तरी कोणत्या बाजूने आला ते कळत नाही. म्हणून सागरी जीवितसुरक्षेच्या सोलास करारात, १ जुलै २००२ पासून बांधलेल्या पूर्ण बंद ब्रिजच्या जहाजांवर, बाहेरचे आवाज आत आणून त्यांची दिशा दाखवणारी ध्वनिग्रहण यंत्रणा अपेक्षिली आहे. बाहेर लावलेल्या मायक्रोफोनवर मीठ साचले किंवा आतला लाउडस्पीकर पहाऱ्यात त्रास होतो म्हणून बारीक केला, तर कागदोपत्री सर्व साधने हजर असूनही ब्रिज बहिरा राहतो. तपासणीत आपला भोंगा वाजवून पाहतात. दुसऱ्याचा ऐकून पाहण्याची तितकीच गरज असते.

आपल्या किनाऱ्यावर सेंट लॉरेन्ससारखे धुके क्वचित पडते, पण नियमांतील कमी दृश्यतेच्या व्याख्येत मुसळधार पाऊसही येतो आणि तो कोकणाला नवा नाही. हर्णै, मिरकरवाडा किंवा ससून डॉकवरून निघणारी १५-१६ मीटरची मासेमारी नौका या नियमांप्रमाणे भोंगा बाळगायला बांधलेली आहे. घंटेची सक्ती तिला नाही. जाळे पाण्यात असताना तिने अशा हवेत दोन मिनिटांच्या आत एकदा, एक लांब आणि दोन आखूड असे भोंगे द्यायचे असतात. १२ मीटरपेक्षा लहान होडीला ठरावीक भोंग्याचीही सक्ती नाही, पण काहीतरी परिणामकारक आवाज तितक्याच खंडाने करणे तिलाही चुकलेले नाही. २० मीटरपेक्षा लहान नौकेच्या भोंग्याचा अपेक्षित पल्ला अर्धा सागरी मैल, म्हणजे ९२६ मीटर आहे. १४ नॉट वेगाने मुंबईकडे येणारे जहाज हे अंतर साधारण १२९ सेकंदांत कापते. त्या अवधीत तांडेलाचा भोंगा जहाजावर एकदा, फार तर दोनदा ऐकू जाईल, तोही काचा उघड्या असतील किंवा लाउडस्पीकर चालू असेल तरच.